जिंकता जिंकता थांबलेलं विमान

जिंकत आलेला गडी मध्येच डाव सोडून देतो का? कबड्डीत तर मी मेले तरी सोडणार नाही. पण त्या दिवशी सोबतीनं नेमकं तेच केलं आणि नियंत्रण कक्षातले मोठमोठे अधिकारी चक्रावले.

सोबती म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारं लढाऊ विमान. ते घडवण्यात माझ्या आजीची, एअर मार्शल केतकी राजाध्यक्ष यांची, अर्धी कारकीर्द गेली. निवृत्तीआधीची तिची ही शेवटची चाचणी, म्हणून मलाही कक्षात बसायला मिळालं होतं. आकाशात लुटुपुटीची लढाई होती. एका विमानात माझी आई, तिच्या मागावर सोबती. तो पास झाला तरच वैमानिकांच्या जोडीनं उडणार, नाहीतर कायमचा हँगरमध्ये पडून राहणार. माझ्या आईचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. सकाळीच ती आजीला म्हणाली होती, "आई, यंत्राला जिंकणं कळतं गं, माणूस कुठे कळतो?"

"आजी, तो सगळं स्वतःच ठरवतो?" मी विचारलं.

"सगळं नाही, ओवी. त्याला स्वायत्तता आहे (म्हणजे आपलं आपण ठरवायची मुभा), पण तिला कुंपण आहे. तू शाळेत एकटी जातेस, वाट तू निवडतेस. पण शाळा घरच्यांनी ठरवली ना? तसंच. कसं वळायचं, किती वेगानं जायचं, ते तो ठरवतो. शस्त्र डागायचं की नाही, ते माणूसच ठरवणार."

पडद्यावर आईचं विमान गर्रकन वळलं. सोबती तिच्या शेपटीला चिकटला. आता जिंकणार, इतक्यात रेडिओवर त्याचा शांत आवाज आला, "थांबा."

दोन्ही विमानं आपोआप सरळ झाली. सरावातला नियमच आहे तसा. धोका दिसला की कुणीही, अगदी नवख्यानंही, 'थांबा' म्हणायचं. मग समोर कितीही मोठा हुद्देदार असो, लढाई थांबते. विमानांनाही तो शब्द कळतो.

"बिघडलं वाटतं," परीक्षक म्हणाले. "हातची लढाई सोडली. नापास."

आजीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माइकवरून आईला हाका मारत होती. उत्तर येईना.

मग आईचा जड आवाज आला. "आहे... मी आहे. मधलं काही आठवत नाही."

आजी माइक ठेवून माझ्याकडे वळली. माझा हात धरून म्हणाली, "बस जोरात वळली की तू एका बाजूला रेटली जातेस ना? विमानात तो रेटा कितीतरी पट असतो. रक्त पायांकडे ढकललं जातं, मेंदूला मिळत नाही, आणि वैमानिकाची शुद्ध हरपते. तुझी आई बेशुद्ध होती, आणि विमान जमिनीकडे निघालं होतं."

"मग सोबतीला कसं कळलं?"

"वळण ढिलं पडलं, त्यावरून. शुद्धीतला माणूस वळताना असा हात ढिला सोडत नाही. मी त्याला नुसत्या लढाया दाखवल्या नाहीत. लढाईनंतर आमची बैठक होते, तिथे प्रत्येक जण आधी स्वतःची चूक सांगतो. वर्षानुवर्षांच्या त्या बैठका त्याला ऐकवल्या. पण हे ओळखायचं मी शिकवलं नव्हतं गं. त्या ऐकून त्याचं त्यानं ताडलं."



आई उतरल्यावर, डॉक्टरांनी तिला तपासल्यावर, बैठक बसली. रीत अशी की सगळ्यात नवख्यानं आधी बोलायचं. एक तरुण वैमानिक उठू लागला, तर आईनं त्याला थांबवलं. सोबतीचा आवाज ज्यातून येतो तो स्पीकर उचलून तिनं आपल्या शेजारच्या खुर्चीत ठेवला.

"सगळ्यात नवखा हा आहे," ती म्हणाली.

सोबती बोलला, "माझी चूक. वळण ढिलं पडलेलं मला आधीच दिसलं होतं. खात्री करण्यात वेळ गेला. 'थांबा' म्हणायला मला उशीर झाला."

परीक्षकांनी कागदावरचं 'नापास' खोडलं.

"आता माझी चूक," आई डोळे पुसत म्हणाली. "याला माणूस कळत नाही, असं मी सकाळी म्हणाले होते. आई, पुढच्या उड्डाणाला माझ्या जोडीला हाच दे."