भिंतीकडे तोंड करून

"जाग उनी का पहिले कूस बदलानी. मंग डोया उघाडाना."

हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. नाव प्रमिलाबाई, आम्ही सगळे अक्का म्हणतो. जाग आली की आधी कूस बदलायची आणि मगच डोळे उघडायचे. म्हणजे स्वप्न पडलं तिथेच राहतं. आपल्यामागे उठून येत नाही.

मी हसले होते.

पुढे लिहिलंय ते माझ्यासोबत घडलंय. पटणार नसेल तर नका मानू. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. धुळ्यात, देवपूरला. वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

मिस्टर, योगराज, सुरतला कंपनीत. एक रविवार सोडून यायचे. घरात मी आणि माझी अडीच वर्षांची दुर्वा. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. एप्रिलमधलं धुळ्याचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. जेवणं झाली की सगळ्यांची दारं बंद. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दिवस मावळेपर्यंत माणसाचा आवाज म्हणून ऐकू येत नाही.

फक्त कूलरची घरघर.

त्यात आई गेलेली. माझी आई. थंडीत गेली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, समोरच्या घरातली सून माहेरी निघायची तयारी करत होती. मी गॅलरीतून बघायचे. मला जायला घरच उरलं नव्हतं.

एकच गोष्ट होती. आई स्वप्नात येतेय असं वाटायचं. जाग आली की उशी ओली असायची... पण चेहरा आठवायचा नाही. काहीच आठवायचं नाही.

बी.ए.ला मानसशास्त्र होतं माझं. मग स्वप्न लक्षात कसं ठेवायचं ते शोधून वाचलं, व्हिडिओ पाहिले. झोपण्याआधी मोबाईल बघायचा नाही. स्वतःला तीन-चारदा सांगायचं, आज स्वप्न लक्षात राहणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाग आली की हलायचं नाही. डोळे मिटलेलेच ठेवायचे, त्याच कुशीवर पडून राहायचं. शेवटचा धागा धरून मागे मागे जायचं. आठवेल ते हळू आवाजात बोलायचं.

म्हणजे अक्का सांगतात त्याच्या बरोब्बर उलटं.

अक्कांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी ते वाक्य ऐकवलं. मी म्हटलं, "अक्का, मला स्वप्न लक्षातच ठेवायचंय."

"कसाले?" त्या म्हणाल्या. "तठे काय तुन्हं माहेर शे?"

मनात म्हटलं, हो. तिथेच आहे आता.

योगराज तर चिडवायचे. "लोक झोप यावी म्हणून गोळ्या खातात, आणि आमची मॅडम झोपेतसुद्धा अभ्यास करते!"

पण उपाय लागू पडला.

पहिल्यांदा फक्त वास आठवला. बामचा आणि पावडरचा. आई पण बाम लावायची. मी किती खूश झाले म्हणून सांगू.

मग एक खोली आठवली. पलंग. पलंगावर एक बाई, माझ्याकडे पाठ करून झोपलेली. पाठीवर बारीक पांढरी वेणी.

आईच!

डोक्यावरून लांब ओढणी होती तिच्या. आई तर कायम साडीत. पण स्वप्नात काय, काहीही दिसतं... म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रोज दुपारी मी लवकर लवकर भांडी आवरायचे. दुर्वाला भिंतीच्या बाजूला झोपवायचे, मी कडेला. दुपारची वाट बघायला लागले मी. सांगायला लाज वाटते, पण दिवसभरात तेवढीच एक सोबत होती मला.

रोज मी त्या पलंगाच्या थोडी जवळ जायचे. रोज ती बाई तशीच. हलायची नाही.

मग एक दिवस ती बोलली.

"पसवाडो फेर दे..."

आवाज सुकलेला. जणू खूप वेळ हाका मारून दमलेला.

शब्द मला कळले नाहीत. आपल्याकडचे नव्हते. तरी नेमाप्रमाणे मी डोळे मिटून, न हलता, ते पुटपुटत राहिले. पसवाडो फेर दे. पसवाडो फेर दे.

संध्याकाळी दुर्वा बाहुलीला मांडीवर घेऊन खेळत होती.

"पसवालो फेल दे," ती बाहुलीला म्हणाली.

माझ्या हातातलं पातेलं पडलं.

माझंच ऐकून शिकली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण मग तिला विचारलं, "हे कोण म्हणतं गं?"

"आजी."

"कुठली आजी? अक्का?"

तिने मान हलवली. आणि पलंगालगतच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती आजी. तिला वलता येत नाही."

तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पण मला अजून चेहरा दिसला नव्हता हो. एकदा फक्त आईचा चेहरा बघू दे, मग बंद करते, असं म्हणत राहिले.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्का आम्हाला गावी न्यायला येणार होत्या. दुपारच्या बसने. बॅग भरून ठेवली होती. त्या येईपर्यंत जरा पडू म्हणून आडवी झाले.

त्या दिवशी मी पलंगापाशी पोचले. हात पुढे केला. खांद्याला हात लावला...

आणि जाग आली.

मी हलले नाही. डोळे मिटलेले. सवयच झाली होती. चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते.

तेवढ्यात कूलर बंद पडला. लाईट गेली.

सगळं एकदम गप्प.

त्या शांततेत...

"पसवाडो फेर दे..."

या वेळी स्वप्नात नाही. माझ्या बाजूला. अगदी कानाशी.

मी डोळे उघडले.

दुर्वा भिंतीकडे तोंड करून झोपलेली. एक हात अंगाखाली दबलेला. डोळे टक्क उघडे. पापणी लवत नव्हती.

"दुर्वा? ए बाळा?"

काही नाही. श्वास चालू होता, पण लांब लांब... म्हाताऱ्या माणसासारखा.

मी तिला उचलायला गेले.

उचलली जाईना.

अकरा-बारा किलोचं लेकरू ते, मी एका हाताने कडेवर घेते. दोन्ही हात लावून ओढलं, तरी ती त्या गादीवरून हलेना. एखाद्या मोठ्या बाईचं ओझं असावं तसं. आणि अंगाला वास... बामचा आणि पावडरचा.

मी किंचाळले असेन. मला आठवत नाही. दार वाजल्याचं आठवतं. कडी कशी काढली देव जाणे.

अक्का होत्या. मला बघितलं, पलंगाकडे बघितलं. पिशवी खाली टाकली, पलंगावर गुडघा टेकला. एक हात दुर्वाच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वळवतात ना, तसा.

"चाल व माय," अक्का म्हणाल्या. आवाज इतका मऊ की मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "इकडे फिर. मी शे ना."

आणि दुर्वा वळली. अलगद.

एक उसासा ऐकू आला. मोठा, सुटल्यासारखा.

दुर्वाचे ओठ मिटलेले होते.

मग तिने भोकाड पसरलं. लाईट आली, कूलर सुरू झाला. मी पोरीला छातीशी धरून खाली फरशीवर बसले.

"अक्का... आई होती का ती?"

"तुनी माय ऱ्हाती ते तुन्हं नाव लिती," अक्का म्हणाल्या.

खरंच. इतक्या वेळा ती बोलली. माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

निघताना अक्का खालच्या कुंदाबाईंच्या दारात थांबल्या. आमच्या आधी वर कोण राहायचं, एवढंच विचारलं. बाकी काही सांगितलं नाही.

"भंवरीबाई होत्या," कुंदाबाई म्हणाल्या. "मारवाडी. लकवा मारला होता. मुलगा सुरतला. कामाला एक बाई होती, सकाळी यायची, संध्याकाळी यायची."

"आणि दुपारी?" मी विचारलं.

"दुपारी कोण येतंय एवढ्या उन्हात?"

"पलंग कुठे होता त्यांचा?"

"कूलरच्या खिडकीपाशी. त्या खोलीत दुसरीकडे बसतो का पलंग?" मग त्या म्हणाल्या, "कामाची बाई सकाळी त्यांना भिंतीकडे वळवून जायची. मग दिवसभर तशाच. आवाज यायचा खाली. पसवाडो फेर दे, पसवाडो फेर दे. कूस बदलून दे म्हणायच्या बिचाऱ्या."

"मग?"

"अगं, माझे गुडघे हे असे. चावी त्या बाईकडे..." त्या पायांकडे बघत राहिल्या. "एक दिवस आवाज आला नाही."

गावी आखाजीला अक्कांनी पितरांच्या घागरी भरल्या. एक माझ्या आईच्या नावाने. सुनेच्या आईची भरायची रीत नाही, पण भरली. आणि बाजूला अजून एक, खरबूज ठेवून. कोणाची, ते घरात कोणी विचारलं नाही.

आम्ही परत त्या फ्लॅटमध्ये गेलो नाही. सामान योगराजनी आणलं. आता आम्ही सुरतला असतो. जाग आली की मी आधी कूस बदलते. आईचा चेहरा नाही दिसला तो नाहीच. दुर्वाला रोज दुपारी मीच वळवते, तिने डोळे उघडायच्या आत.

परवा ती झोपेतून उठून म्हणाली, "मम्मी, त्या आजीला आता कोण वळवतं?"



मध्ये कामासाठी धुळ्याला गेले होते. गल्लीतून जाताना वर बघितलं. खिडकीला कूलर चालू होता. कोणीतरी राहतंय. त्यांचा पलंगही तिथेच असणार. जिना चढायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या घरात, दुपारभर एकटं पडून असलेलं कोणी असेल. तुम्हाला माहीत असतं. आवाज येतो, आपण कूलर वाढवतो.

आज दुपारी जा. दार वाजवा.

आणि विचारा, कूस बदलून देऊ का?