श्री नावाच्या सहाशे बारा फाइली

“सहाशे बारा,” प्रसाद खुर्चीत मागे रेलला. “श्री-एक, श्री-दोन, श्री-तीन, थेट श्री-सहाशे बारापर्यंत. अहो काका, सगळ्या फाइलींना एकच नाव?”

श्यामसुंदरकाकांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बेलापूरच्या त्यांच्या टायपिंग सेंटरात लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं छापून मिळायचं. “कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर श्री,” ते म्हणाले. “आमच्या वडिलांनी दुसऱ्या कशानं कधी सुरुवात केली नाही. मग फाइलचं नाव मी वेगळं कसं ठेवणार?”

ईश्वरीनं कुंदनकडे पाहिलं. एरवी वर्गात बडबडून बाईंचं डोकं उठवणारा हा पोरगा दाराशी गप्प उभा होता.

कारण तसंच होतं. कुंदनची गोजराआजी दिवाळे गावची धवलारीण. लग्नात ती धवले गायची, म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि तिच्या धवल्यांशिवाय त्यांच्याकडे कुणाला हळद लागत नसे. कुंदनच्या ताईनं, सुचितानं, ते सगळे धवले आजीसमोर बसून एका वहीत उतरवून घेतले होते आणि छापायला इथे आणून दिले होते. त्यानंतर पंधरा दिवसांतच आजीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. त्या धावपळीत छापील कागद न्यायचे राहिले. आज संध्याकाळी खुद्द सुचिताची हळद होती, आणि वही? छापील कागदांसकट ती काकांनी दुकान बदलताना रद्दीत घातली होती.

“पण टाइप मी केलंय हं,” काका छातीवर हात ठेवून म्हणाले. “अगदी शब्दन् शब्द. असणार यातच कुठेतरी.”

“मग एकेक उघडून बघू,” कुंदन म्हणाला.

“एक फाइल उघडायला या डब्याला एक मिनिट लागतं,” सुट्टीला साताऱ्याहून आलेला प्रसाद, ईश्वरीचा आतेभाऊ, हिशेबात पक्का होता. “सहाशे बारा मिनिटं म्हणजे दहा तास. उद्या वरात निघेल तरी आपण इथेच.”

“दहा तास कुठले?” काकांनी घड्याळाकडे बोट केलं. अडीच वाजले होते. “चार वाजता शिवा मेकॅनिक येतोय. व्हायरस घुसलाय यात. सगळं पुसून कोरं करून देणार. आज परत पाठवला तर तो महिनाभर गावाला.”

“सगळं पुसून?” तिघंही एकदम ओरडली.

“पत्रिका वाटून झाल्या, लग्नं लागली, आता जुनं ठेवून काय लोणचं घालायचंय?”

दीड तास! ईश्वरीनं खुर्ची ओढली. शाळेच्या संगणक-तासाला एका यंत्रावर पाच जण बसायचे आणि माऊस कायम दुसऱ्याच्या हातात असायचा. पण बघून बघून तिला बरंच काही पाठ झालं होतं. “शोधायची खिडकी असते यात. तारखेनं शोधू. कुंदन, ताईनं वही कधी दिली?”

“दिवाली झाल्यावर. नोव्हेंबरान.”

तिनं नोव्हेंबर घातला. एकही फाइल नाही. मग सगळ्या तारखा पाहिल्या आणि तिचे डोळे विस्फारले. प्रत्येक फाइल एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीची!

“अरे, आपण तेव्हा जन्मलोही नव्हतो,” प्रसाद म्हणाला.

“बॅटरी गेलीय आतली,” काकांनी शांतपणे सांगितलं. “रोज सकाळी चालू केलं की तीच तारीख दाखवतो. मी लक्षच देत नाही. आकडेही क्रमानं नाहीत, एखादी फाइल पुसली की तिचा आकडा नव्या फाइलीला.”

“काका, तुम्ही नक्की कशाकडे लक्ष देता?” ईश्वरीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. पण काका नुसतेच हसले. कोडगेपणाही एखाद्याला शोभतो तो असा.

“मग फाइलीच्या आतल्या शब्दावरून शोधू,” ईश्वरी म्हणाली. “लग्न?”

“निम्म्या फाइलींत लग्नच आहे,” प्रसादनं भिंतीवरच्या पत्रिकांकडे हात केला. “नवरी, हळद, मांडव, सगळं बाद.”

बरोबर होतं. दुसऱ्या कुणाच्याच कागदावर नसेल असा शब्द हवा होता. ईश्वरी कुंदनकडे वळली. “आठव ना. आजी काय गायची? एखादी ओळ.”

कुंदननं डोळे मिटले. मग एकदम खुदकन हसला. “नवऱ्याच्या मंडलींना चिडवायचा एक धवला हाय. ‘खारीच्या चिखलान उरी मारं निवटी, नवरा आला पयला, वऱ्हाड आलं शेवटी.’”

“निवटी म्हणजे?” प्रसादनं विचारलं. साताऱ्याला खाडी कुठली?

“चिखलान उड्या मारनारा मासा. बारीकसा. तुला उद्या दाखवतो.”

“निवटी!” ईश्वरीनं टाळी वाजवली. “कुठल्या लग्नपत्रिकेत मासा उड्या मारणार आहे?”

तिनं इंग्रजी अक्षरांत निवटी असं टाइप केलं. यंत्र गुरगुरत राहिलं, दिवा लुकलुकत राहिला, घड्याळाचा काटा सव्वातीनवर गेला. शेवटी उत्तर आलं. एकही फाइल नाही.

कुंदन पायरीवर जाऊन बसला. प्रसादला स्वस्थ बसवेना. त्यानं उगाच एक पत्रिका उघडली, अक्षरांचे प्रकार बदलणाऱ्या यादीवर क्लिक केलं आणि पत्रिकेचा पार विचका झाला! गणपती, वधू, वर, आग्रहाचं निमंत्रण, सगळ्याच्या जागी टोप्या-शेपट्या लावलेली इंग्रजी अक्षरं.

“अरे कारट्या, काय केलंस?” काका धावले.

“थांबा काका!” ईश्वरी खुर्चीतून उठलीच. “याला मराठी येतच नाही. मराठी नुसती वरून नेसवलीय, आत ही असली अक्षरं आहेत. म्हणून तर आपली निवटी त्याला ओळखता येईना. काका, तुम्ही एका कोऱ्या पानावर मराठीत निवटी लिहा. पटकन.”

काकांची बोटं मात्र वाऱ्यासारखी चालत. पडद्यावर ‘निवटी’ उमटलं. ईश्वरीनं ते उचललं आणि शोधायच्या खिडकीत चिकटवलं. तिथे त्याचं झालं भलतंच कडबोळं, पण तिनं ते तसंच राहू दिलं आणि बटण दाबलं.

यंत्र पुन्हा गुरगुरलं. कुंदन आत येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. साडेतीन झाले. तीन पस्तीस.

एक फाइल. श्री-चारशे सात.

ती उघडली, आणि कुंदननं पहिली ओळ मोठ्यानं वाचली. मग तो भराभर शेवटच्या ओळीपर्यंत गेला. “आजीचाच हाय गो. सगला हाय!”

छपाईयंत्रानं अकरा पानं बाहेर टाकली, एक प्रत फ्लॉपीवर गेली आणि शिवा मेकॅनिक दारात आला. त्याला तसाच उभा करून काका म्हणाले, “पाच मिनिटं थांब रे. ही पोरगी मला आधी शिकवणारेय, लग्नाचा कप्पा वेगळा, सोसायट्यांचा वेगळा. ठेवायच्या त्या फाइली नावं घालून फ्लॉपीवर घेऊ, मग पूस.” मग कुंदनकडे वळून खालच्या आवाजात, “चूक माझी होती रे बाळा. वही मी जपायला हवी होती.”

संध्याकाळी दिवाळ्याच्या मांडवात शेजारच्या सुमित्राबाईंनी कागद हातात घेतले. शब्द होते, पण चाल काही जमेना, बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात ठक, ठक असा आवाज आला. खुर्चीत बसवलेल्या गोजराआजीचा डावा हात खुर्चीवर ठेका धरत होता. सुमित्राबाईंनी तो ठेका पकडला, बायकांनी ओळ उचलली आणि सुचिताला हळद लागली.

कुंदनचे बाबा तिघांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरांनो, आमच्या घरातली वाचा तुमी परत आनली.” ईश्वरीला रडू आलं. तिनं ते लपवलंही नाही.

अकरा पानं संपली. सुमित्राबाई घाम पुसून थांबल्या. पण आजीचा हात थांबायला तयार नव्हता, तेव्हा त्यांनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं.