वाढत्या अंगाचा स्वेटर

ह्यूअन नदीकाठच्या सफरचंदांच्या शेडमध्ये मी तीस वर्षं प्रतवारी केली. फळ हातात आलं की वजन कळायचं, तरी काट्यावर ठेवल्याशिवाय मी एकही पेटीत टाकलं नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते मोजूनमापून, हे आधीच सांगून ठेवते.

सात वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत नातीसाठी, फ्रेयासाठी, मी क्रोशाने टोपीचा स्वेटर विणायला घेतला. ती आणि माझी लेक टेगन माझ्याकडेच राहतात. पोर चार वर्षांची, वजन अकरा किलो, हृदयाला छिद्र. तेरा किलो झाल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, असं मेलबर्नच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ही दोन घासांत ताट सरकवायची. टेगन रोज सकाळी तिला काट्यावर उभं करायची आणि आकडा बघून खाली उतरवायची.

लोकर कच्च्या सफरचंदासारखी हिरवी. दहा वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचं, पुढे बटणांचं कार्डिगन विणलं होतं, त्यातली उरलेली. तो रंग आता मिळत नाही. कार्डिगन शेगडीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर कायम पडलेलं असायचं.

टोपीची शेवटची ओळ झाली तेव्हा वीतभर धागा उरला. छातीचा घेर शहाण्णव टाके.

"आई, जरा वाढत्या अंगाचा करायचास की गं," टेगन सवयीने म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने तोंड फिरवलं.

मार्चमध्ये गावचं शेतकी प्रदर्शन असतं. चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत आमची शेजारीण कोराली तेव्हा नऊ वर्षं पहिली येत होती. घेर साठ सेंटिमीटरच्या आत हवा, हा नियम. गुरुवारी मी स्वेटर दिला. नोंदणीच्या टेबलावर कोरालीच होती. तिने टेप लावला, अठ्ठावन्न लिहिले आणि स्वेटर काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

शनिवारी परीक्षक बाईंनी तो बाहेर काढला, उलटा करून धाग्यांची टोकं पाहिली, मान डोलावली. मग टेप लावला. सहासष्ट.

"मर्ना, तू बाद!" कोरालीला आनंद लपवता येईना. "तीस वर्षं सफरचंदं मोजलीस ना गं? की नुसतीच खाल्लीस?"

"परवा तूच मोजलास."

तिने वही उघडली. अठ्ठावन्न, तिच्याच अक्षरात. तिने त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"किल्ली माझ्या गळ्यातच होती, मर्ना," ती हळूच म्हणाली.

मी टाके मोजले. एकशे दहा. लांबीतही चार ओळी जास्त. मध्ये कुठे गाठ नाही, जोड नाही. आणि टाके माझेच. ओळीच्या शेवटी मी धागा जरा जास्त ओढते, त्यावरून माझी आई मला कायम बोलायची. नव्या ओळींनाही तीच आवळ होती.

घरी आले तर कार्डिगन खुर्चीवरच होतं, पण गुडघ्यापर्यंतचं मांडीपर्यंत आलेलं. कड सुबक, धागा आत नीट दडवलेला. दोन्ही कपड्यांची वजनं मी विणून झाल्यावर लिहून ठेवली होती. आता काट्यावर ठेवले. साठ ग्रॅम इकडे कमी, साठ तिकडे जास्त.

भीती वाटली. आणि तशीच उभी असताना मला हसू फुटलं. जगातून जाणाऱ्या पोरीसाठी एवढ्या मोठ्या छातीचा स्वेटर कोण करतं?

"आई, तू बाद झालीस ना? मग हसतेस काय?" टेगनने विचारलं.

"आधी तिला तो घाल."

बाह्या हाताबाहेर लोंबल्या, टोपी नाकावर आली. टोपीतून आवाज आला, "आजी, मला टोस्ट." दोन खाल्ले. मग तिसरा मागितला.

मेमध्ये तेरा किलो झाली. जूनमध्ये ऑपरेशन झालं. ऑगस्टमध्ये ती कोरालीच्या कुत्र्यामागे धावत कुंपणापर्यंत गेली आणि धावतच परत आली, आणि स्वेटर तिला अगदी अंगाबरोबर बसत होता. आम्ही दोघी मायलेकी अंगणात उभ्या राहून मोठमोठ्याने रडलो. कोराली आपली पहिल्या बक्षिसाची निळी फीत घेऊन आली. "ही तुझी. मला घरात नको," म्हणाली आणि आत न येताच गेली. ती फीत मी शेगडीच्या वर टांगली आहे.

आज फ्रेया अकरा वर्षांची आहे. शाळेच्या शर्यतीत पहिली येते. दर हिवाळ्यात स्वेटर तिच्यापेक्षा दोन बोटं पुढे असतो. माझं कार्डिगन कमरेपर्यंत आलं, मग काखेपर्यंत, मग बाह्या गेल्या. मी कुणाला काही बोलले नाही. दर संध्याकाळी ते खुर्चीवर ठेवत राहिले.

गेल्या आठवड्यात खुर्चीत नुसती बटणं होती.

त्या दिवशी मी खरी घाबरले. फ्रेयाला अजून वाढायचं आहे.

आज सकाळी स्वेटर मोजला. एक ओळ नवीन होती.

ती लोकर नव्हती. धागा बारीक, करडा, गुळगुळीत. शेवटच्या टाक्याला माझी आवळ.

मी वेणी पुढे ओढली. काल ती कमरेपर्यंत होती.

"आजी, आज चार टोस्ट!" फ्रेया स्वयंपाकघरातून ओरडली.

"पाच खा," मी म्हटलं. मग वेणी सोडली, त्या खुर्चीत बसले आणि केस विंचरून पाठीवर नीट पसरले. अजून पुष्कळ आहेत. ते संपले तरी मी आहेच.