दर महिन्याची फ्लॉपी

"ह्याच्यावर विश्वास ठेवूं नका, अप्पा. बॅग बघा केवढी आणली आहे… आज ह्याला कांहींतरी खपवायचें आहे."

कनकलता हे मराठीत म्हणाली, आणि अगदी सहज, नेहमीच्या आवाजात म्हणाली. तंजावरच्या बाजारात मराठी म्हणजे घराचं दार लावून घेऊन बोलल्यासारखं. साउथ मेन स्ट्रीटवरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती भाषा कोणाला कळणार होती?

काउंटरवर उभा असलेला एक तरुण तिथल्या दुकानदाराला, सूर्यनारायणला, इंग्रजीत काहीतरी समजावत होता. बाहेर ऐप्पसी महिन्याचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला पाऊस लागला होता, त्यात त्याचा उजवा खांदा पार भिजला होता. तो बोलता बोलता थांबला. हळूच वळला.

"खपवायचं तर आहेच," तो मराठीत म्हणाला. "अकरा दिवस फिरतोय, एकसुद्धा खपलं नाही. पण फसवणार नाही… आणि अकरा दिवसांत कानावर पडलेलं हे पहिलंच मराठी. तेवढ्यासाठी पुन्हा एकदा बोललात तरी चालेल."

कनकलताचे कान तापले. अप्पा मात्र खुर्चीत बसून पोट धरून हसत होते.

त्याचं नाव शिरीष कानडे. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत होता. कंपनी अँटीव्हायरस बनवायची आणि शिरीष तो बॅगेत घालून गावोगाव दाखवायचा.

"कानडे?" अप्पांनी विचारलं. "मग तुम्ही कर्नाटकाकडचे का?"

"नुसतं आडनाव हो. आणि तुम्ही मराठी… इथे कसे?"

"आम्ही तीनशें वर्षें इथेंच आहों," कनकलता म्हणाली. "तुम्ही इथें कसे, हें आम्ही विचारायचें."

त्याने हात जोडले. ती हसली नाही… पण हसू दाबायला तिला खाली पाहावं लागलं.

कनकलता चोवीस वर्षांची होती. गणितात पदवी घेऊन घरीच कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून द्यायची. अप्पा, म्हणजे सांबशिवराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो कॉम्प्युटर तिला घेऊन दिला होता. विद्यार्थी आपापल्या फ्लॉप्या घेऊन यायचे, आणि त्या फ्लॉप्यांबरोबर व्हायरस यायचे. गेल्या आठवड्यात तर एका शेतकी विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध, भातावरच्या अळीवरचा, डोळ्यांदेखत कचरा झाला होता. नऊ दिवसांनी त्याला तो कॉलेजात द्यायचा होता. म्हणून आज बापलेक अँटीव्हायरस घ्यायला आली होती.

सूर्यनारायणने तीन गोष्टी पुढे मांडल्या. एक चकचकीत खोक्यातला अमेरिकन, एक मद्रासहून आलेली कॉपी केलेली सीडी, आणि तिसरं शिरीषचं पिवळं पुठ्ठ्याचं खोकं.

"तुम्ही सांगा," कनकलता त्याला म्हणाली. "ह्यांतला कोणता चांगला? खरें सांगा."

"खरं सांगायचं तर चकचकीत खोक्यातला चांगला आहे," शिरीष म्हणाला. अप्पांनीसुद्धा मान वर केली. "पण त्याला नवे व्हायरस ओळखायला शिकवायचं तर इंटरनेट हवं. आहे घरी?"

"नाही."

"मग तीन महिन्यांत तो आंधळा. कॉपीच्या सीडीचं विचारूच नका, मी पाहिलेल्या तीनपैकी दोन सीड्यांत व्हायरस होता. आमचं खोकं साधं आहे. पण दर महिन्याला पोस्टाने एक फ्लॉपी येते. त्या महिन्यात जे नवे व्हायरस सापडले, त्यांचं औषध तिच्यात असतं."

"आणि कंपनी बुडाली तर?"

"कंपनी बुडाली तर मीही बुडालो. पण तुमची फ्लॉपी… ती मी हाताने बनवून पाठवीन."

कनकलताने पिवळं खोकं उचललं.

तो दुपारी घरी आला. स्वच्छ फ्लॉपी घालून कॉम्प्युटर सुरू केला, तिच्या एकेचाळीस फ्लॉप्या एकेक करून तपासल्या. बत्तीस आजारी निघाल्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवली की तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही, हे त्याने तिला दाखवलं. दाखवताना बोटाला बोट लागलं… दोघांनी एकदमच फ्लॉपी सोडली, ती खाली पडली.

अर्धा प्रबंध वाचला, अर्धा गेला. "उरलेला पुन्हा टाइप करावा लागेल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला कुंभकोणमला जायचं होतं. गेला नाही. विद्यार्थ्याची हस्तलिखित वही मांडीवर घेऊन तो वाचत गेला आणि ती टाइप करत गेली. अळीची लांबी, अळीचा रंग, अळी पान कसं गुंडाळते. बाहेर पाऊस एकसारखा पडत होता. अम्माने दोनदा कॉफी आणून ठेवली, दोनदा ती निवली.

"इतक्या प्रेमाने अळीबद्दल मी कधी वाचलं नव्हतं," तो म्हणाला.

"प्रेमानें नको. स्पष्ट वाचा."

निघताना त्याने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "तुमचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं. जुन्या चांदीच्या भांड्यासारखं आहे. वाचताही येतं ना?"

त्या घरात मराठी बोलायचे सगळे. वाचायला कोणालाच येत नव्हतं. शाळा तमिळ आणि इंग्रजी, घरची पत्रंही तमिळमध्ये. पण चांदीच्या भांड्यासारखं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

"येतें कीं," कनकलता म्हणाली.

नोव्हेंबरात पहिली फ्लॉपी आली. बरोबर नव्या व्हायरसांची इंग्रजी यादी, आणि निळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं पत्र. देवनागरीत. कनकलताने ते उलटसुलट करून पाहिलं. वरच्या रेषेला लटकलेली अक्षरं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. त्यांत आपलं नाव कोणतं, तेही तिला सापडेना.

तिने फोन लावला. कंपनीचा मदतीचा नंबर होता, आणि त्यावर बहुतेक वेळा तोच असायचा.

"मी तंजावरहून कनकलता. कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला."

"आणि आता कसा आहे?"

"आतां… बरा आहे."

"अख्ख्या तमिळनाडूत इतका आजारी कॉम्प्युटर दुसरा नाही."

"डॉक्टरनें तक्रार करूं नये."

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पत्र मिळालं?"

"मिळालें."

तो वाट पाहत राहिला. तीही. पुढे काय बोलायचं, ते त्या निळ्या कागदावर होतं, आणि तो कागद तिच्याशी बोलत नव्हता.

डिसेंबरात दुसरं पत्र, जानेवारीत तिसरं. कोणाला वाचायला द्यायचं? सरस्वती महाल ग्रंथालयात जुनी पोथ्यापुस्तकं लावणारे शेषाद्री मामा होते, त्यांना वाचता आलं असतं. पण सत्तर वर्षांचे मामा चष्मा पुसून ती पत्रं मोठ्याने वाचताहेत, या नुसत्या कल्पनेनेच तिला घाम फुटायचा. खरं काय ते शिरीषला सांगून टाकावं, असं दर वेळी ठरवून ती फोन लावायची, आणि दर वेळी निळ्या पडद्याबद्दल बोलून ठेवायची. मराठीतल्या पत्राला ती इंग्रजीत दोन ओळी लिहायची. फ्लॉपी मिळाली. चांगली चालते.

त्याच्या आवाजातलं हसू कमी होत गेलं. तिला ते कळायचं… आणि तिला काहीच करता यायचं नाही.

फेब्रुवारीत फोन दुसऱ्याच कोणी उचलला. "कानडे टूरवर आहेत. तिकडेच, त्रिचीला."

त्रिची. बसने सव्वा तास. कनकलताने तीन दिवस केसांत मोगरा माळला. रस्त्यावर रिक्षा थांबली की हातातलं काम ठेवून ती दाराशी यायची. चौथ्या दिवशी पुन्हा फोन केला, तेव्हा कळलं की तो पुण्याला परतला.

फेब्रुवारीची फ्लॉपी पत्राशिवाय आली, तो टूरवर होता म्हणून असेल; पण मार्चच्या पाकिटातही नुसती फ्लॉपी होती, यादी होती. पत्र नव्हतं. तिने पाकीट फाडून सरळ केलं, आत हात घालून चाचपलं. ज्या पत्रांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, ती यायची थांबली तर इतकं रितं का वाटावं?

पुढच्या सोमवारी ती पलीकडच्या गल्लीत श्रीविद्या टीचरच्या हिंदीच्या क्लासात जाऊन बसली. चटईवर सगळी नऊ-दहा वर्षांची मुलं आणि मध्ये ही.

"परीक्षा द्यायची आहे का?" टीचरने तमिळमध्ये विचारलं.

"नाही. नुसतं वाचायचं आहे," ती म्हणाली. टीचरने पहिलं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

सव्वीस एप्रिलला सकाळी फोन वाजला. तिने उचलला.

"शिरीष कानडे बोलतोय." आवाज अगदी कोरडा. "आज कॉम्प्युटर लावू नका. आज जागा होणारा एक व्हायरस आहे. डिस्क पुसून टाकतो."

"तुमची मार्चची फ्लॉपी घातली आहे. तिच्यांत त्याचें औषध आहे ना?"

"आहे."

"मग?"

"तरीही नका लावू." आणि फोन ठेवला गेला.

त्या दिवशी गावातले कितीतरी कॉम्प्युटर गेले. सूर्यनारायणच्या दुकानापुढे संध्याकाळी रांग लागली होती. कनकलता आपल्या बंद कॉम्प्युटरसमोर पत्रं घेऊन बसली होती. औषध आहे, हे माहीत असताना 'तरीही' कोण म्हणतं?

एकेक अक्षर, एकेक ओळ. हाताचं अक्षर छापील धड्यासारखं नव्हतं. 'वे'पुढे दोन गोलांचा एक आकार सारखा यायचा, तो टीचरच्या पुस्तकात नव्हता. टीचरलाही सांगता येईना. दोन दिवस ती त्याच्यापाशी अडली. मग अंगणात उभी असताना अम्मा आतून म्हणाली, "कनका, वेळ काय झाली?" आणि ती तशीच आत धावली. तो ळ होता. हिंदीत नसलेला, तिच्या घरात तीनशे वर्षं असलेला ळ.

पहिल्या पत्रात अम्माच्या कॉफीबद्दल होतं, ती निवू दिल्याबद्दल माफी होती. दुसऱ्यात त्याच्या आईच्या दुखण्याबद्दल, आणि तंजावरहून फोन आला की दिवस बरा जातो असं होतं. तिसरं वाचायला तिला चार दिवस लागले.

'फेब्रुवारीत मी त्रिचीला येतो आहे. तुमच्याकडे येऊ का? अप्पांशी बोलायचं आहे, पण आधी तुम्हाला विचारतो. तुमच्या मनात नसेल तर काही लिहू नका. मी समजेन.'

आणि तिने त्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

फोन लागला तेव्हा गुरुवारची दुपार होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "कानडेंचे इथले शेवटचे दोन दिवस. बोलावतो."

मग तो आला. "बोला. पडदा निळा झाला?"

"नाही. कॉम्प्युटर बरा आहे… मला मराठी वाचतां येत नव्हतें."

तो काही विचारायच्या आत ती पुढे म्हणाली,

"तुम्ही विचारलेंत तेव्हां मी खोटें सांगिटलें. लाज वाटली म्हणून. आतां शिकलें. तिसरें पत्र काल संपलें."

"काल," तो म्हणाला. "कनकलता, मी पुढच्या बुधवारी अमेरिकेला चाललोय. सन दोन हजारसाठी जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम आहे. दीड वर्ष. मला वाटलं, इथे आता…" त्याने वाक्य सोडून दिलं.

"सव्वीस तारखेला सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केलात?"

"नाही."

"किती जणांना?"

"एकाच घरी."

तिने डोळे मिटून घेतले. "आज रात्रीं पुण्याहून निघालां तर मद्रासवरून शनिवारीं सकाळीं इथें पोचतां. दुपारीं निघालां तर सोमवारीं मुंबईंत. बुधवारच्या आधीं दोन दिवस उरतात."

"वेळापत्रक पाहिलंत?"

"पत्र संपलें तेव्हांच. दोनदां पाहिलें."

शनिवारी सकाळी तो आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. अम्माने आधी त्याला आंघोळीला पाठवलं. जेवणानंतर तो अप्पांशी बोलला. अप्पांनी फक्त आईची तब्येत विचारली आणि दीड वर्ष म्हणजे दीडच ना, ते विचारलं. मग म्हणाले, "बाकीचें तिला विचारा."

तिला विचारायला त्याला वेळच मिळाला नाही. स्टेशनवर गाडी उभीच होती. अप्पा पेपर घ्यायच्या निमित्ताने लांब गेले. शिरीष खिडकीशी बसला, ती फलाटावर उभी राहिली. सहा महिने दोघांनी एकमेकांना मनातल्या मनात इतकं काही सांगितलं होतं की आता तोंडी सांगायला सुरुवात कुठून करावी ते कळेना.

"तिथून पत्र पंधरा दिवसांनी पोचतं म्हणतात," तो म्हणाला.

"चालेल. मला वाचायलाही तितकेच दिवस लागतात."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. शिट्टी झाली. तिने घाईने पर्समधून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"येतो," तो म्हणाला.

गाडी हलली. त्याने तिथेच पाकीट फोडलं. आत निळा कागद होता, वर सरळ पट्टीने आखलेली रेषा, आणि तिच्याखाली लहान मुलासारखं मोठं, जपून काढलेलं एकच अक्षर.

या.