नागपूरहून इतक्या लवकर

मी शाळेची पायरी चढले नाही. मिठाच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर वेड्यात काढलं आहे. ही मात्र स्वतः लिहिते आहे, कारण त्या दिवशी दारात मी होते.

एक्क्याण्णव सालचा फाल्गुन. पनवेलबाहेर मिठागराच्या कडेला आमचं घर, दार एकच. माझा नवरा महादेव (नाव घ्यायला मी लाजत नाही) शेवटच्या घटका मोजत होता. जीव एकाच गोष्टीत अडकलेला: शेवटचं पाणी मुलाच्या हातून. आणि आमचा निकेश नोकरीला नागपुरात.

शेजारच्या कमलाकरनं सकाळीच त्याला फोन लावला.

"काकी, रस्त्यानं निघाला तर उद्या उजाडेल. विमानानं येतोय, दुपारचं आहे. तासा-सव्वातासात मुंबई."

"मग चहालाच येईल की!"

"सांताक्रूझहून पनवेल आहे ना पुढे. वाशीच्या पुलावर अडकला तर बसा. दिवेलागण धरा."

"म्हणजे अख्खा मुलूख तासात, आणि दाराशी यायला दिवेलागण? चांगलं आहे तुमचं विमान!"

कमलाकर हसत गेला. मला हसू येईना. आत महादेवचा श्वास करवतीसारखा वाजत होता.

भर दुपारी ओटीवर पावलं वाजली.

"आये, आलू."

निकेशच होता. इस्त्रीच्या सदऱ्याला एक सुरकुती नाही, हातात पिशवी नाही, कपाळावर घाम नाही. मी उठले, पण पाय उंबऱ्यावरच थांबले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"एवढ्यात कसा आलास रं?"

"कसा यायला पायजे होतं, आये?"

आवाज त्याचाच. पण उन्हात उभा असूनही त्याच्याकडून विहिरीच्या तळासारखा गारवा येत होता...

"बाबा वाट बघतान. आत येऊ दे."

माझा पोरगा असेल आणि मी अडवला, तर महादेव तहानलेला जाईल. नसेल तर... मी हात काढले नाहीत.

"काकी!" कुंपणापलीकडून कमलाकरची हाक. "निकेशचा फोन होता. विमान लेट आहे, अजून नागपुरातच आहे तो!"

मी मान वळवली, परत बघितलं. ओटी रिकामी.

मग मी उंबऱ्यावरच बसले. घोटभर पाण्यालाही उठले नाही. मुंगी आत गेली असती तर मला दिसली असती.

अंधार पडल्यावर निकेश आला. घामेजलेला, धुळीनं माखलेला. मी त्याचं मनगट घट्ट धरलं, गरम होतं. तेव्हा कुठे बाजूला झाले.

त्यानं चमच्यानं पाणी बापाच्या ओठांशी नेलं. महादेवनं तोंड फिरवलं.

"परत कशाला रं... दुपारीच पाजलंस ना."

"बाबा, मी आत्ताच..."

"चल. गारी उभी हाय म्हनालास."

निकेशनं माझ्याकडे बघितलं. "आये, टॅक्सी तर मी नाक्यावरच सोडली."

ओटीसमोर इंजिन घरघरत होतं. मी धावत दारात गेले. अंगणात काही नव्हतं, नुसता आवाज. तो हळूहळू वळला आणि खाडीच्या दिशेनं निघाला. तिकडे रस्ता नाही.

मागे निकेशनं हंबरडा फोडला. मी वळले नाही. मला तो आवाज ऐकायचा होता, कुठपर्यंत जातो ते.

अजून तो थांबलेला मी ऐकलेला नाही.