एकवीस दिवसांची कमान

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते, अमावस्या लागते. हे भर दुपारी बाराला घडलं. वसमतला, आमच्याच घराच्या दारात, १९४२ च्या उन्हाळ्यात. खोटं वाटत असेल तर या की, दार अजून तिथंच आहे. फक्त खाली उभे राहू नका.

उत्तमराव माझे पणजोबा. आशाबाई त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझी आजी. मी तिला पाहिलेलं नाही. का नाही, तेच सांगतो.

उत्तमराव सरकारी इंजिनिअर. उभा जन्म रस्ते आणि पूल बांधण्यात गेला, पण माणूस भारी घरवेडा. मुक्काम कुठंही असो, निजामाच्या राज्यातल्या जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला घोडं दामटून घरी हजर. लेकीला भरवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत.

आणि हीच माया नडली बघा.

१९३३ साली कनेरगाव नाक्याजवळच्या ओढ्यावर ते दगडी पूल बांधत होते. चुन्यातली कमान खालच्या लाकडी आधारावर चाळीस दिवस ठेवायची आणि तिला रोज पाणी मारायचं, अशी रीत. पाणी मारायला तांड्यावरची जिवनबाई होती. पंधरा वर्षांची, मोठी चुणचुणीत. तिचं लग्न ठरलेलं.

इकडे आशाबाईच्याही लग्नाची तारीख तोंडावर आली. पूल पुरा झाल्याशिवाय रजा मिळेना. एकविसाव्या दिवशीच उत्तमराव म्हणाले, "काढा आधार."

"सायेब, आतून वलंच हाय," जिवनबाई म्हणाली. "चाळीस दिस म्हनले व्हते ना तुमी?"

"तू पाणी मार. इंजिनिअर मी आहे."

आधाराच्या पाचरी ठोकून काढायला सुरुवात झाली.

ठक... ठक... ठक...

जिवनबाई खाली ओढ्यात घागर भरत होती. अख्खी कमान तिच्यावर आली.

चौकशी झाली. उत्तमरावांनी काय लिहून दिलं असेल? पोरीनं पाणी बराबर मारलं नाही, म्हणून चुना कच्चा राहिला! माझे पणजोबा असले तरी सांगतो, हे पाप होतं. मेलेल्या लेकरावर ढकललं आणि मोकळे झाले.

जिवनबाईची आई धुरपताबाई तिथंच उभी होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "माजी लेक कामचोर न्हवती, सायेब. पानी कसं मारत्यात, ते तीच दावील तुमाला."

आशाबाईचं लग्न थाटात झालं.

आठ वर्षांनी उत्तमराव निवृत्त झाले. वसमतला घर बांधलं. पुढच्या दाराला दगडी कमान केली, मधला दगड आशाबाईच्या हातानं बसवला. या कमानीचा आधार चाळीस नाही, साठ दिवस ठेवला. तेव्हा कुठली आली होती घाई!

पुढच्या चैत्रात आशाबाई माहेरी आली. कडेवर वर्षाचं लेकरू, म्हणजे माझे वडील.

एक दिवस दुपारी बाराला पणजी, द्वारकाबाई, दारातून ओरडली, "अहो, ही कमान काहून ओली होऊन राहिली?"

आभाळात ढगाचा ठिपका नाही. वर पाण्याची हंडीही नाही. तरी कमानीवरून पाणी ओघळत होतं.

टप... टप... टप...

दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. उंबऱ्यात ओल्या पावलांचे ठसे उमटायचे. दारापाशी यायचे... आणि तिथंच संपायचे. परत गेलेलं पाऊल एकही नाही.

उत्तमरावांनी ओळखलं. जेवण सुटलं. ते कोळशानं भिंतीवर रोज एक रेघ ओढू लागले. मनाशी हिशेब पक्का होता, चाळीस दिवस पाणी आणि मग कमान पडणार. तिसाव्या दिवशीच सगळ्यांना सेनगावला पाहुण्यांकडे धाडायचं, लेकीला या दाराखाली ठेवायचंच नाही.

"बाबा, कसल्या रेघा ओढून राहिले?" आशाबाईनं विचारलं.

"काही नाही गं. तू मागच्या दारानं ये-जा करीत जा."

मग एका दुपारी बारा वाजले...

आणि पाणी आलंच नाही.

उत्तमरावांनी हात लावून पाहिला. कमान कोरडी ठाक. उंबऱ्यात ठसा नाही. जिवावरचं ओझं उतरलं. कित्येक दिवसांनी म्हातारा हसला. त्यांनीच हाक मारली, "आशे, अगं ये, बघ! वाळली!"

आशाबाईनं लेकरू आईकडे दिलं आणि हसत धावत पुढच्या दारात आली. कमानीखाली उभी राहून वर पाहू लागली.

ठक...

उत्तमरावांचं लक्ष भिंतीकडे गेलं. रेघा एकवीस होत्या.

ठक... ठक...

"आशे, बाजूला सर!" ते ओरडले.

तोवर सगळं संपलं होतं.

ढिगारा उपसायला फुलसिंग गवंडी आला होता. त्यानं दगड उलटे-पालटे करून पाहिले. "साहेब, चुना तर वज्रावानी धरलाय. ही कमान पडलीच कशी?" उत्तमराव लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणत होते, "तिनं पाणी बराबर मारलं होतं... बराबर मारलं होतं..."

ते १९४८ साली गेले. तोवर रोज दुपारी बाराला त्या जागेवर तांब्याभर पाणी घालायचे. कुणी अडवलं नाही.

त्या दारावर आता सिमेंटची तुळई आहे. मी तिथंच राहतो. जायचं कुठं?

माझी लेक सासरहून फोन करते, "आप्पा, उन्हाळ्यात येऊ का माहेरी?"

मी नको म्हणतो. ती रुसते. काहून म्हणून विचारते.

गेल्या सोमवारपासून दुपारी बाराला तुळई ओली होऊन राहिली आहे. तिला काय सांगू?