डाव्या दाढेचं मानसशास्त्र

प्रेरणेवरचं प्रकरण शिकवता शिकवता मॅडमची दाढ तुटली.

बक्षीस मिळालं की माणूस शिकतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना पटावं म्हणून त्या बरोबर उत्तराला एक टॉफी देत होत्या. मुलांची उत्तरं अशी काही होती, की तास संपला तरी पिशवी भरलेलीच. मग त्यातली एक टॉफी त्यांनी स्वतःला दिली, नेटाने शिकवल्याबद्दल, आणि ‘कट्’ असा आवाज झाला. पाऊण दाढ तोंडात राहिली, पाव टॉफीबरोबर बाहेर आली.

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याच्या वर दातांचा दवाखाना. पाटी रोज दिसायची. पण दातांच्या डॉक्टरची पाटी माणूस गरज पडेपर्यंत वाचत नाही. मॅडम गाल धरून जिना चढल्या. दाराशीच टेबलामागे एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. या डॉक्टरांच्या आत्या.

“नाव सांगू का?” मॅडमनी विचारलं.

“नाव राहू दे. दाढ कुठली?”

“डावी... खालची.”

“अरे, डावी दाढ आली!” आत्यांनी आत आवाज दिला. त्या दवाखान्यात मॅडमचं बारसं असं झालं.

डॉक्टर स्वभावाने अतिशय बुजरे. अशा माणसाला मॅडमच्या पुस्तकात अंतर्मुख म्हणतात, आत्या घुम्या म्हणायच्या. “बसा” म्हणतानाही त्यांची नजर मॅडमवर नव्हती, दिव्यावर होती. पण एकदा का समोरच्याच्या तोंडात आरसा, नळी आणि दोन बोळे कापूस गेला, की त्यांची जीभ अशी सुटायची...

“मानसशास्त्र शिकवता? म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळत असेल.”

“आं... आंआं.”

“नाही कळत? बरं झालं.”

“आं?”

“काही नाही. दुखतंय?”

“ऊं-हूं.”

“मग डोळे का मिटलेत? उघडे ठेवा. छान आहेत — म्हणजे — उघडे असले की दुखल्याचं मला कळतं. म्हणून म्हटलं.”

मास्कच्या वर डॉक्टरांचे कान लाल झाले. नेमक्या त्याच क्षणी मॅडमच्या छातीत कोणीतरी सामान हलवायला लागलं.

रूट कॅनाल म्हणजे एका खेपेत होणारं काम नाही. मॅडम येत राहिल्या, सामान हलत राहिलं. दुसरी एखादी मुलगी असती तर ती मैत्रिणीला फोन करून मोकळी झाली असती. पण मॅडमचं शिक्षण आड आलं. आधी शरीर धडधडतं, मग मन आजूबाजूला बघून त्या धडधडीला नाव देतं, आणि हे नाव पुष्कळदा चुकतं... हे त्या दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत. आणि त्यांना ते फळ्याशिवायही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी सहलीत, दरीवरच्या एका झुलत्या पुलावर, एका गृहस्थांनी त्यांना मागणी घातली होती. पूल हलत होता, खाली नदी, वर वारा. मॅडमचे पाय लटपटत होते. हेच ते प्रेम, असं समजून त्या ‘हो’ म्हणाल्या. पूल संपला, सपाट रस्ता लागला, आणि लक्षात आलं की गृहस्थ फक्त गाडीच्या मायलेजबद्दल बोलतात. साखरपुडा मोडायला चार महिने लागले. आई अजूनही तो विषय निघाला की जोरजोरात भांडी घासते.

तेव्हा आता पुन्हा तीच चूक नको. खुर्ची मागे कलंडलेली, कानाशी ड्रिल, तोंडाजवळ सुई — धडधडणारच. ही भीती. निव्वळ भीती.

वर्गात भावनांचं प्रकरण चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मग प्रेम झालंय की अ‍ॅसिडिटी, हे ओळखायचं कसं?”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “कारण तपासून बघायचं,” त्या म्हणाल्या. “जे कारण वाटतंय ते तसंच ठेवून बाकीचं बदलायचं. तरी धडधडलं तर...” आणि त्यांना जे पुढे सुचलं ते त्यांनी मुलांना सांगितलं नाही.

कारण तिकडे वेळ भराभर संपत होता. डॉक्टरांना कसली घाई झाली होती कोण जाणे. “पुढच्या आठवड्यात कच्चं फिलिंग काढून पक्कं करू, लगेच कॅपचं माप घेऊ. की सुटलात तुम्ही,” ते दिव्याकडे बघत म्हणाले. सुटलात! मॅडमना ते दाढेपेक्षा जास्त लागलं. कॅप बसली की जिना चढायला निमित्त उरणार नव्हतं. त्यांनी एकदा परीक्षेचं कारण सांगून तारीख पुढे ढकलली, एकदा सर्दीचं. सर्दी खरी वाटावी म्हणून फोनवर शिंकल्याही.

“शिंक जमली नाही हो,” आत्या म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली.

शेवटी मॅडमनी केलं ते फक्त मानसशास्त्राची बाईच करू शकते. दाढ घेऊन त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, दुसऱ्या दवाखान्यात. तशीच खुर्ची, तसंच ड्रिल, तशीच सुई. फक्त डॉक्टर वेगळे. निवृत्तीला आलेल्या एक बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. मॅडमनी एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरली आणि भीतीची वाट बघत पडून राहिल्या. ड्रिल सुरू झालं, सुई टोचली, बाई मास्कमधून जांभई देत होत्या... नाडी शांत. इतकी शांत, की मॅडमचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा काम उरकलं होतं. “ते कच्चं काढून पक्कं करून टाकलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही घोरत होता, उठवलं नाही.”

प्रयोग यशस्वी झाला असं म्हणत मॅडम बाहेर पडल्या आणि भुरभुर पावसात छत्री न उघडताच परतीची बस पकडून थेट झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढल्या. आनंदात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ती डॉक्टरांच्या लक्षात आली, तोंडात आरसा घालताक्षणी.

“हे... हे कोणी केलं?”

“आं—”

“हे माझं काम नाही.” आवाज खाली गेला होता. “तुम्ही दुसरीकडे गेला होतात?”

बाहेर आत्यांच्या सुया थांबल्या.

आपल्या माणसाच्या खिशात परकं पत्र सापडावं, तसे डॉक्टर त्या फिलिंगकडे बघत होते. “माझं काही चुकलं होतं का? दुखवलं का मी? सांगायचं तरी होतंत...”

मॅडमनी आरसा, नळी, कापूस सगळं स्वतःच्या हाताने काढून बाजूच्या ताटलीत ठेवलं आणि उठून बसल्या.

“प्रयोग होता.”

“कसला?”

“मला इथे धडधडतं. ते दातांच्या डॉक्टरला घाबरून, की... तुमच्यामुळे, हे बघायचं होतं.”

“मग?”

“तिथे मी घोरले.”

डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. आता समोरचं तोंड रिकामं होतं, आणि त्यातून उत्तर येऊ शकत होतं; म्हणजे पंचाईतच. त्यांनी केविलवाणेपणाने ताटलीतला आरसा उचलला. “जरा... आ करता का? मला बोलायला सोपं जाईल.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. धडधडत होतं, पण आता त्या धडधडीला चुकीचं नाव द्यायची त्यांची तयारी नव्हती. “आज बंदच राहील. बोला.”

“बोल की रे, मेल्या!” बाहेरून आत्या.

“पेशंटला तसलं काही विचारायचं नाही, असा माझा नियम आहे,” डॉक्टर एका दमात म्हणाले. “म्हणून घाई करत होतो. कॅप बसली की तुम्ही पेशंट नाही. त्याच संध्याकाळी विचारणार होतो. आणि तुम्ही तारखा पुढे ढकलायला लागलात. मला वाटलं, कळलंय तुम्हाला, आणि नको आहे.”

“मला वाटलं, मला घालवायची घाई आहे.”

मग मॅडम सावकाश म्हणाल्या, “डॉक्टर, कॅपसुद्धा त्याच बाई बसवतील. आता मी त्यांची पेशंट आहे.”

डॉक्टरांना हे उमगायला थोडा वेळ लागला. “चांगलं केलंय हो त्यांनी फिलिंग,” ते म्हणाले. दातांचा डॉक्टर दुसऱ्या दातांच्या डॉक्टरबद्दल एवढं बोलला, म्हणजे त्याने काळीजच काढून दिलं समजावं.

“विचारताय ना?”

“लग्न कराल का माझ्याशी?”

मॅडम दचकल्या. त्या कॉफीच्या तयारीत होत्या.

“कॉफीचंच विचारायचं होतं,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “सवय नाही ना... पुढचं आधी आलं.”

“आता आलंय ते राहू दे,” मॅडम म्हणाल्या. “पण उत्तर या खुर्चीत बसून देणार नाही. खाली चला.”

फुटपाथवर उतरल्यावर मॅडम दोन्ही पायांवर नीट उभ्या राहिल्या. काहीच हलत नव्हतं. ड्रिल नव्हतं, दरी नव्हती. झेरॉक्सचं मशीन तेवढं कुरकुरत होतं. छातीतलं सामान मात्र दणादणा हलत होतं.

“हो,” त्या म्हणाल्या.

“कॉफीला?”

“दोन्हीला.”

त्यावर डॉक्टर जे बोलायला लागले ते कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत, आणि पुढे दोन कप कॉफी गार होईपर्यंत, थांबले नाहीत. मॅडमना मध्ये एक शब्द घालायला जागा मिळाली नाही. गाडीच्या मायलेजबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडे सायकल होती.